वृद्धापकाळातील आरोग्य आणि काळजीचे नियोजन

वृद्धापकाळातील काळजीचे नियोजन म्हणजे वयस्क व्यक्तीचे आजार, तिची दैनंदिन कार्यक्षमता, तिच्या घरची परिस्थिती आणि तिची स्वतःची इच्छा यांचा एकत्र विचार करून पुढील उपचार व शुश्रूषा यांचा आराखडा आधीच तयार करण्याची प्रक्रिया होय. यात औषधोपचार, आहार, घरातील सुरक्षितता, काळजीवाहकांची जबाबदारी, आर्थिक व कायदेशीर व्यवस्था आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांविषयीचे निर्णय यांचा समावेश होतो. संबंधित व्यक्ती स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असतानाच हे नियोजन होणे आवश्यक मानले जाते. कारण पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा बेशुद्धावस्था यांनंतर तिची इच्छा जाणून घेण्याचा मार्ग बहुधा बंद होतो आणि काही कायदेशीर कागदपत्रेही निरुपयोगी ठरतात. भारतात या विषयाला कायदेशीर रूप येण्यास मुंबईतील एक खटला मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरला.

संकल्पना आणि इतिहास

वृद्धांच्या आरोग्याचा स्वतंत्र अभ्यास करणाऱ्या वैद्यकशाखेस जरावैद्यक म्हणतात. १९३०च्या दशकात इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांनी, बरे न होणारे म्हणून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या वृद्धांची पद्धतशीर तपासणी केली. योग्य उपचार व व्यायाम दिल्यास त्यांतील अनेक जण हिंडूफिरू लागतात आणि काही घरी परततात, असे त्यांना आढळले. 'म्हातारपण' हे निदान होऊ शकत नाही, हा जरावैद्यकाचा पायाभूत विचार या कामातून पुढे आला. बर्नार्ड आयझॅक्स यांनी १९६५ मध्ये अचलता, तोल जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे आणि बौद्धिक ऱ्हास या चार अवस्थांना जरावैद्यकातील 'महाकाय' समस्या असे संबोधले. या अवस्था एका रोगामुळे नव्हे, तर अनेक लहानमोठ्या कारणांच्या संयोगाने उद्भवतात.

भारतात वृद्धांसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवेची सुरुवात चेन्नई येथे १९७८ मध्ये झाली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील आठ प्रादेशिक केंद्रांमध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता.

लोकसंख्या

२०११च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ मध्ये वार्धक्यविषयक राष्ट्रव्यापी पाहणीची पहिली फेरी झाली. तिच्यात ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. या पाहणीत ६० वर्षांवरील सुमारे ७५ टक्के व्यक्तींना किमान एक दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. तिच्याशी संलग्न अभ्यासानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे.

प्रमुख आजार व अवस्था

वार्धक्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, दमा व फुप्फुसांचे जुनाट विकार, गुडघ्यांचा संधिवात, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू, काचबिंदू, बहिरेपणा, कंपवात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश हे आजार प्रामुख्याने आढळतात. एकाच व्यक्तीला यांतील तीन-चार आजार एकाच वेळी असणे ही सामान्य बाब आहे. त्यामुळे प्रत्येक आजारावर सुटा उपचार करण्याची पद्धत वृद्धांच्या बाबतीत अपुरी पडते.

वृद्धांमध्ये आजाराची लक्षणेही वेगळी असू शकतात. न्यूमोनियात ताप न येता केवळ भूक मंदावते व सुस्ती येते; हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता धाप लागते; मूत्रमार्गाच्या संसर्गात अचानक असंबद्ध बोलणे सुरू होते. काही तासांत किंवा दिवसांत उद्भवणाऱ्या अशा संभ्रमावस्थेला अनेकदा 'वयामुळे भ्रम झाला' असे समजून दुर्लक्षिले जाते. प्रत्यक्षात ती तातडीने तपासण्याची वैद्यकीय आणीबाणी असते आणि मूळ कारण दूर केल्यास बहुधा ओसरते. स्मृतिभ्रंश याउलट महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो.

पडणे ही वार्धक्यातील सर्वांत गंभीर घटनांपैकी एक आहे. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या खुब्याचे हाड साध्या पडण्यानेही मोडते. त्यानंतर दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यास स्नायू क्षीण होतात, शय्याव्रण होतात आणि फुप्फुसांत संसर्ग होतो. एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणेच कमी करते आणि त्यामुळे तिचा तोल आणखी बिघडतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरणे, हे पडण्याचे एक सहज तपासता येणारे कारण आहे.

मधुमेही वृद्धांमध्ये साखर वाढण्याइतकाच, किंबहुना अधिक, धोका ती अचानक उतरण्याचा असतो. एकादशी, संकष्टी चतुर्थी किंवा श्रावणी सोमवारचा उपवास करताना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेतल्यास घाम फुटणे, थरथर, गोंधळ व बेशुद्धी येऊ शकते. म्हणून उपवासाच्या दिवसांसाठी औषधांचे वेगळे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घेणे हा नियोजनाचा भाग ठरतो.

औषधांचे व्यवस्थापन

एकाच वेळी पाच किंवा अधिक औषधे घेणे याला सामान्यतः बहुऔषधसेवन म्हणतात. वयोमानानुसार मूत्रपिंड व यकृत यांची औषधे बाहेर टाकण्याची क्षमता घटत असल्याने दुष्परिणाम वाढतात. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होणे, ही साखळी विशेषतः घातक असते. उदाहरणार्थ, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीने पायांवर सूज येऊ शकते. ती उतरवण्यासाठी लघवी वाढवणारे औषध दिले जाते. त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पाय घसरून खुबा मोडतो. येथे मूळ उपाय पहिल्या गोळीचा फेरविचार हाच असतो.

वृद्धांसाठी धोकादायक ठरू शकणाऱ्या औषधांची पहिली प्रसिद्ध यादी मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये तयार केली. तिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत. झोपेच्या काही गोळ्यांमुळे तोल जातो व संभ्रम वाढतो, तर दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडांस इजा व जठरात रक्तस्राव होऊ शकतो. घरातील ॲलोपॅथी, आयुर्वेद व होमिओपॅथी या सर्व औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवणे आणि किमान वर्षातून एकदा तिचे पुनरावलोकन करून घेणे, ही सर्वांत सोपी आणि परिणामकारक उपाययोजना आहे.

मूल्यमापन

नियोजनाची सुरुवात सर्वांगीण मूल्यमापनाने होते. त्यात रोगनिदानापेक्षा व्यक्ती स्वतःचे काय करू शकते यावर भर असतो. सिडनी कॅट्झ यांच्या १९६३च्या निर्देशांकात अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, खाटेवरून उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे या सहा मूलभूत क्रिया तपासल्या जातात. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी दूरध्वनी, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार या आठ अधिक गुंतागुंतीच्या क्रियांची मोजपट्टी मांडली. पैशांच्या हिशेबात वारंवार चुका होऊ लागणे हे स्मृतिभ्रंशाचे आरंभीचे लक्षण असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालणे, पोषण, दृष्टी, श्रवण, आकलन आणि मनःस्थिती या सहा क्षमतांची प्राथमिक तपासणी आरोग्यसेविकाही करू शकतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसण्यास लागणारा वेळ मोजणे, ही तोल तपासण्याची प्रचलित चाचणी आहे. स्मरणशक्तीची चाचणी व्यक्तीच्या भाषेस व शिक्षणास अनुरूप असणे अत्यावश्यक असते. वाचता-लिहिता न येणाऱ्यांसाठी भारतात १९९०च्या दशकात 'हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन' ही चाचणी विकसित झाली.

काळजीचा आराखडा

लेखी आराखड्यात सामान्यतः पुढील बाबी असतात:

• आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, रक्तगट व चालू औषधांची यादी
• नेहमीचे डॉक्टर, जवळचे रुग्णालय, रुग्णवाहिका व नातलग यांचे दूरध्वनी क्रमांक
• कोणती कामे व्यक्ती स्वतः करते आणि कोणत्या कामांत मदत लागते याची नोंद
• मदत कोण, केव्हा व किती वेळ करणार याची विभागणी
• तपासण्या व लसीकरणाचे वेळापत्रक, यात दरवर्षीची फ्लूची आणि न्यूमोकोकल लस
• व्यक्तीला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ स्वतःच्या घरी राहणे, रोजचे फिरणे, देवदर्शन किंवा नातवंडांचा सहवास
• प्रकृती अचानक बिघडल्यास कोणते उपचार हवेत व कोणते नकोत याविषयीची इच्छा

यांपैकी शेवटच्या दोन बाबी इतर कोणी भरून देऊ शकत नाही. उपचारांचे प्राधान्य त्यांवरूनच ठरते: चालता येणे ज्याला सर्वांत मोलाचे वाटते त्याच्यासाठी गुडघ्याची शस्त्रक्रिया अग्रक्रमाची असेल, तर दुसऱ्यासाठी वेदनामुक्ती पुरेशी असेल.

घर आणि काळजीवाहक

बहुतेक वृद्ध घरात, आणि घरातही मोरी, शौचालय व अंथरुण यांच्या आसपास पडतात. मोरीत न घसरणारी फरशी, शौचालयात भिंतीला पक्का दांडा, उंच कमोड किंवा कमोड खुर्ची, उंबरठ्यावर उठून दिसणारा पट्टा, रात्री मंद दिवा आणि टाचेकडे पट्टी असलेली पादत्राणे हे अल्पखर्चाचे बदल उपयुक्त ठरतात.

महाराष्ट्रातील घरांत शुश्रूषेचा भार मुख्यतः पत्नी, सून किंवा मुलगी यांच्यावर पडतो; अनेकदा सत्तरीतील पत्नीच ऐंशीतील पतीची काळजीवाहक असते. शहरांत ब्युरोमार्फत आया किंवा मावशी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. निद्रानाश, पाठदुखी, चिडचिड व नैराश्य ही काळजीवाहकाच्या थकव्याची लक्षणे होत. म्हणून आठवड्यातील काही तासांची सुटी, भावंडांमध्ये खर्चाची व रात्रपाळीची विभागणी आणि परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांकडे कागदपत्रांची व बिलांची जबाबदारी सोपवणे, यांचा समावेश आराखड्यात केला जातो.

आर्थिक व कायदेशीर तयारी

वृद्धांच्या वतीने व्यवहार करण्यासाठी मुखत्यारपत्र करण्याची प्रथा आहे. मात्र भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलमनस्क झाल्यास ते संपुष्टात येते. म्हणजेच स्मृतिभ्रंश बळावल्यावर, जेव्हा या कागदाची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच त्याचा आधार उरत नाही. अशा स्थितीत नातलगांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागू शकते. बँकेत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचे संयुक्त खाते आणि नामनिर्देशन वेळीच केल्यास यातील काही अडचणी टळतात. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठ्याचा किंवा पायाच्या बोटाचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष स्वीकारण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ नुसार ज्येष्ठ नागरिकांना मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. देखभालीच्या अटीवर बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, कलम २३ नुसार परत मिळवता येते. या कायद्याखालील महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये लागू झाले. दावे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालतात.

वैद्यकीय इच्छापत्र

मालमत्तेविषयीचे मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते. वैद्यकीय इच्छापत्र, ज्यास लिव्हिंग विल असेही म्हणतात, व्यक्ती जिवंत असताना परंतु निर्णयक्षम नसताना उपयोगी पडते. या दोहोंत अनेकदा गल्लत होते.

मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग या २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर कायमच्या अर्धचेतन अवस्थेत गेल्या. रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे जीवनरक्षक उपचार थांबवण्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वेळी ठरावीक प्रसंगी, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याचा मार्ग प्रथमच मान्य झाला. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी निधन झाले. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न या खटल्याने देशापुढे ठळकपणे मांडला.

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. सुरुवातीची प्रक्रिया अतिशय किचकट असल्याने २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली. सुधारित नियमांनुसार:

• १८ वर्षांवरील, सुबुद्ध व्यक्तीस स्वेच्छेने असे इच्छापत्र करता येते.
• त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते.
• आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावे त्यात नोंदवता येतात.
• एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे ठेवली जाते.
• उपचार न देण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने होतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे.
• इच्छापत्र केव्हाही लेखी स्वरूपात रद्द करता किंवा बदलता येते.

अभिरक्षक नेमले गेले नसल्याने ही तरतूद प्रत्यक्षात येत नव्हती. मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी यासंबंधी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्यानंतर राज्यात अशा अधिकाऱ्यांच्या नेमणुका झाल्या. इंजेक्शन देऊन जीवन संपवणे, म्हणजेच सक्रिय दयामरण, भारतात बेकायदेशीरच आहे.

उपचार थांबवणे म्हणजे काळजी थांबवणे नव्हे. वेदना, धाप व अस्वस्थता कमी करणाऱ्या परिहारक सेवेचे काम महाराष्ट्रात जुने आहे. मुंबईतील वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. पुण्यात वारजे येथील सिप्ला परिहारक सेवा केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे.

शासकीय सेवा

केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये दिले जातात. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर परिसर

ठाणे जिल्ह्यातील ही तीन शेजारशहरे वृद्धांच्या गरजा स्थानिक परिस्थितीनुसार कशा बदलतात याचे उदाहरण आहेत. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले व १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. येथील जुन्या पिढीतील काहींचे शिक्षण अरबी-सिंधी लिपीत झाले; त्यामुळे त्यांची स्मरणचाचणी मराठीतून किंवा देवनागरीतून घेतल्यास निष्कर्ष चुकू शकतो. निर्वाहभत्त्याचे दावे उल्हासनगर येथील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाखल होतात. सार्वजनिक आरोग्यसेवेत उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय व अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय ही प्रमुख आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथचा समावेश आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर हे इ.स. १०६०च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेले शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याचा गाभारा सभामंडपाच्या पातळीहून खाली असून सुमारे २० पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेत उपवास, दीर्घ रांग आणि या पायऱ्या यांचा एकत्रित ताण मधुमेह, गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांवर पडतो. अशा वेळी औषधांची बदललेली वेळ, सोबत साखर व पाणी, काठी आणि एक सोबती असल्यास धोका कमी होतो.

उल्हास नदीकाठच्या बदलापुरास २६ जुलै २००५च्या महापुराचा फटका बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. पूरप्रवण भागातील वृद्धांच्या आराखड्यात किमान आठवडाभराची औषधे, कागदपत्रांच्या प्रतींची जलरोधक पिशवी आणि चालू न शकणाऱ्या व्यक्तीला कोण हलवणार याची नोंद असणे इष्ट ठरते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनाही हेच लागू होते.

मर्यादा

रुग्णालयीन उपचारांसाठी विमासंरक्षण वाढले असले तरी घरी दीर्घकाळ लागणारी शुश्रूषा, आयाचे वेतन, डायपर व भौतिकोपचार यांचा खर्च बहुतांशी कुटुंबालाच करावा लागतो. जरावैद्यकाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मोठ्या शहरांबाहेर क्वचित आढळतात. मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानण्याच्या समजुतीमुळे अनेक घरांत हा विषय टाळला जातो, आणि अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना आईवडिलांची इच्छा माहीत नसताना कृत्रिम श्वासयंत्राच्या संमतीपत्रावर सही करावी लागते. एकत्र कुटुंबात व्यक्तीच्या स्वतंत्र इच्छेपेक्षा घराच्या सामूहिक निर्णयास महत्त्व असते, म्हणून वैद्यकीय इच्छापत्राची कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, असाही आक्षेप घेतला जातो. यावर उपाय म्हणून कागद करण्यापूर्वी कुटुंबातील सर्वांनी त्या व्यक्तीसह एकत्र बसून चर्चा करावी आणि दर काही वर्षांनी, तसेच प्रत्येक मोठ्या आजारानंतर, आराखडा नव्याने तपासावा, असे सुचवले जाते.